दारू सुटली, सिगारेट राहिली

रंगाऱ्यांचं एक शास्त्र असतं आणि ते कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही. दिवसभर थिनर हुंगून धरलेला घसा दारूनेच मोकळा होतो, आणि दारू काही सिगारेटशिवाय खाली उतरत नाही. आपल्या रंगाऱ्याने हे शास्त्र थोरल्या भावाकडून घेतलं होतं. भिंत घासणं, पुट्टी भरणं, परांचीवर तोल सांभाळणं, सगळं दादाचंच. तो दादा बावन्नाव्या वर्षी परांचीवरून उतरला, "जरा दम लागलाय" म्हणून पायरीवर टेकला आणि उठलाच नाही. हृदयाने दगा दिला.

आता रंगाऱ्याला बावन्नावं लागलं, तशी बायकोने त्याला जवळजवळ कान धरूनच रक्त तपासायला नेलं. रिपोर्टात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी भरमसाट, पण चांगलं कोलेस्टेरॉल ठाकठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दारू आणि सिगारेट, दोन्ही बंद."

त्याने अर्धंच ऐकलं. सिगारेटमध्ये कुठे तेल असतं? धुराला कसली आलीय चरबी! दारू मात्र त्याने खरंच सोडली, आणि ती काही गंमत नव्हती. सिगारेटचं म्हणाल तर अळीमिळी गुपचिळी.

तीन महिन्यांनी ऐटीत दुसरा रिपोर्ट आणला. चरबी उतरली होती. पण चांगलं कोलेस्टेरॉलही धाडकन घसरलं होतं! रंगाऱ्याने हातपायच गाळले. दादा टेकला होता ती पायरी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

कामावरचा सोबती ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. अक्कल मात्र तळमजल्यावरच राहिलेली. तो म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? दारूच सांभाळत होती तुला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस लेका! चल, आज माझ्याबरोबर पुन्हा सुरू कर."

रंगाऱ्याला ते पटलंही. घरी येऊन तो बाटली शोधायला लागला, तर बायको कपाटाला पाठ लावून उभी. "आधी बाईंना विचारा, मग काय ढोसायचं ते ढोसा," म्हणाली, आणि म्हणता म्हणता रडायलाच लागली.

बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. "दारूने चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वर चढतं, हे खरं आहे. सिगारेट तेच खाली ओढते. दोघींच्या ओढाताणीत आकडा बरा दिसत होता. तुम्ही एकीला घालवलंत, आणि दुसरीचं काम उघडं पडलं."

"मग परत थोडी घेतली तर?"

"आकडा सजेल. रक्तवाहिन्या काही सुधारणार नाहीत. वर चरबी पुन्हा चढेल ती वेगळीच. ओढता अजून?"

रंगाऱ्याचा हात आपसूक खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर गेला. बायकोने त्याच्याकडे कसं पाहिलं, ते इथे न सांगितलेलंच बरं.

मग बाईंनी त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला वायरी लावून, घाम निघेपर्यंत. "हृदय ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आज सोडलीत तर उशीर झालेला नाही."

उशीर झालेला नाही! घरापर्यंत तो हेच पुटपुटत होता. छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि मधेच उगाच हसू फुटत होतं. बायकोने भर रस्त्यात त्याचा हात धरला, तो सोडलाच नाही.

पुढचे काही आठवडे तो सगळ्यांवर खेकसला, शिडीवर जास्तच. पण सिगारेट सुटली. नव्या रिपोर्टात चांगलं कोलेस्टेरॉल वर सरकलं होतं. नवराबायको तो घेऊन वहिनीकडे, म्हणजे दादाच्या बायकोकडे गेले. आकड्यांची ती सगळी भानगड तिने शांतपणे ऐकून घेतली.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यांचाही तो आकडा चांगलाच होता. तपासून आले नि मला म्हणाले, बघ, दारू मानवते मला. मीही खूश झाले होते हो."

तिने डोळे पुसले आणि विचारलं, "त्या शिडीला सांगितलंत का हे? त्यालाही बायको आहे."

दुसऱ्या दिवशी शिडी दवाखान्याच्या बाकावर तोंड वाकडं करून बसला होता, आणि तो पळू नये म्हणून रंगारी दार अडवून उभा होता.