मानाची पुढे चाल

ऑनलाइन ब्रिजची बाद फेरीची स्पर्धा कशी भरवावी हे आज कुणीही माझ्याकडून शिकावं. त्यात ज्या ज्या चुका करणं शक्य आहे त्या सगळ्या मी पहिल्याच स्पर्धेत उरकून टाकल्या. तेव्हा मी लहान होते, सहासष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला सगळं येत असतं.

घराबाहेर पडायला बंदी होती तो उन्हाळा. क्लबाला कुलूप होतं आणि मंगळवार पेठेतल्या घरात मी आणि आमचे हे दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. हे चाळीस वर्षं माझे ब्रिजमधले भिडू. पण नुसता भिडू असून भागत नाही, हरवायला समोर आणखी दोघं लागतात. टॅबवर ब्रिज खेळता येतो असं कुणीतरी सांगितलं. चार दिवसांत मी बटणं दाबायला शिकले आणि पाचव्या दिवशी क्लबाच्या ग्रुपवर स्पर्धा जाहीर केली. दर रविवारी दुपारी चार वाजता एक फेरी, हरेल तो संघ बाद. हरल्यावर लोकांना घरी जावं लागणार होतं. घरी तर सगळे आधीच होते.

अकरा संघ आले. एका संघात चौघं. दोघं एका टेबलावर, दोघं दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडे पत्ते तेच वाटलेले. त्यामुळे आपल्याला पत्तेच वाईट आले अशी रड कुणाला करता येत नाही. ज्यांचं आयुष्य त्या रडीवर गेलं होतं त्यांची फारच पंचाईत झाली. एका घरातल्या भिडूंनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, हा नियम मीच केला. त्यावर हे बैठकीच्या खोलीतून मला ऐकू जाईल असं खोकायला लागले. मी नियमात खोकलाही घातला.

अकराव्या संघाच्या बाईंची ओळख करून द्यायला हवी. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढच्या. मला ब्रिज त्यांनी शिकवला. मी सून म्हणून नवी होते, इस्पिक आणि किलवरात फरक काय असं विचारलं होतं, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं की तो फरक मी जन्मात विसरले नाही. आता त्या गारगोटीला एकट्या होत्या, मुलगा परदेशात अडकलेला. नाव नोंदवायला फोन केला तेव्हा म्हणाल्या, “डोळ्यांचा पडदा चाललाय म्हणतोय डॉक्टर. किती महिने दिसंल सांगता येत न्हाय. दिसतंय तवर खेळून घेते, माझं नाव घाल.”

मी नाव घातलं आणि लगेच सामन्यांचा तक्ता करायला बसले. आता शहाण्या माणसानं चिठ्ठ्या टाकल्या असत्या. पण मी चांगल्या घरची. आमच्याकडे लग्नात कुणाला कोणत्या रांगेत बसवायचं यावर तीन-तीन दिवस खल होतो, तोच अनुभव मी कामाला लावला. माझ्या विहीणबाईंच्या संघाला मऊ प्रतिस्पर्धी दिला, कारण पोरगी त्यांच्या घरात नांदते. क्लबाच्या माजी अध्यक्षांचं नाव सगळ्यांत वर. भांडणाऱ्या दोन जावांचे संघ तक्त्याच्या दोन टोकांना. अकरा हा आकडा विषम, म्हणजे एका संघाला न खेळताच पुढे चाल द्यावी लागणार. ती अर्थात वयानं मोठ्या बाईंना. पहिल्या रविवारी ऐन चार वाजता मी त्यांना मेसेज धाडला: अभिनंदन, आपण दुसऱ्या फेरीत.

दुसऱ्या रविवारी सहा संघ उरले, बाईंचा सामना नृसिंहवाडीच्या संघाशी. तीन वाजता वळीव आला, तिकडची वीज गेली ती पाच वाजले तरी आली नाही. नियमाप्रमाणे मी बाईंना विजयी घोषित केलं. अभिनंदन, आपण तिसऱ्या फेरीत.

तिसऱ्या फेरीला उरले तीनच संघ, म्हणजे पुन्हा एकाला पुढे चाल. एकाच संघाला दोनदा ती देऊ नये, हे आज माझी सहावीतली नातही सांगेल. पण मी काय विचार केला? डोळे चाललेत, पहिल्याच सामन्यात बिचाऱ्या बाद झाल्या तर. त्यापेक्षा राहू देत आत. त्या विचारानं मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी ह्यांना हाक मारून तो ऐकवला. हे म्हणाले, बघ बाई, तूच ठरव. चाळीस वर्षांत ह्यांनी दिलेला हा सगळ्यांत सावध सल्ला.

अशा रीतीने बाई एकही पान न खेळता अंतिम फेरीत पोचल्या. समोर आम्ही. मी तिसऱ्यांदा अभिनंदन धाडलं आणि दोन मिनिटांत फोन वाजला.

त्यांनी आवाज चढवला नाही. तीन रविवार त्या तीन वाजता चष्मा पुसून, टॅब चार्ज करून बसल्या होत्या. दर वेळी खेळाऐवजी माझं अभिनंदन येत होतं. शेवटी म्हणाल्या, “खेळायला बोलवलंस की पाटावर बसवायला? मला बाद व्हायचं भ्या न्हाय गं. न खेळता दिस चाललेत, त्याचं हाय.”

मी म्हणाले, बाई, तुमचा मान म्हणून. त्यांनी फोन ठेवला.

आता तरी अक्कल यावी की नाही? अंतिम फेरीत मी आणि हे बाईंच्याच टेबलावर होतो. तिसऱ्या डावाला माझ्याकडे असे पत्ते आले की झोपेतसुद्धा चार बदामांपर्यंत बोली गेली असती. मी दोनवर पास म्हटलं. मनाशी ठरवलं होतं, थोडंसं हरायचं, सभ्यपणे, कुणाला कळणार नाही असं. ऑनलाइन खेळात डाव संपला की चौघांचेही पत्ते पडद्यावर उघडे होतात, हे माझ्या लक्षात नव्हतं. बाजूला शब्द उमटले, एकेक अक्षर शोधून टिपलेले. बाईंनी लिहिलं होतं: “नीट खेळणार असशील तर बसते. न्हायतर उठले मी.”

कान इतके तापले की मी उठून तोंड धुऊन आले. त्यानंतर मी खेळले. बाईही खेळल्या, आणि काय खेळल्या. मी लपवलेला एक्का त्यांनी दोनदा काढून घेतला. शेवटच्या डावापर्यंत सामना बरोबरीत होता.

शेवटचा डाव बाईंच्या हातात होता, चार इस्पिकांचा. त्यांना एक हात हवा होता आणि त्यासाठी बदामाची राणी टाकली की झालं. पडद्यावर पडली चौकटीची राणी. लाल शेजारी लाल, बोट एका पानानं सरकलं. चौकटीचा राजा आणि एक्का दोन्ही माझ्याकडे.

टाकलेलं पान परत मागायचं बटण असतं. समोरच्यानं हो म्हटलं की पान परत हातात जातं. मी त्या विनंतीची वाट बघत बसले. बैठकीच्या खोलीत हे खोकले, नियम मोडून. विनंती आली नाही. तीन शब्द आले: “पडला तो पडला.”

मी राजा टाकला, मग एक्का टाकला. डाव एका हातानं बुडाला. दुसऱ्या टेबलावर आमच्या संघानं तोच डाव केला होता, तेव्हा स्पर्धा आम्ही जिंकलो. मग इतके दिवस टाळलेला मेसेज मला लिहावा लागला: आपला संघ स्पर्धेतून बाद.

फोन त्यांचाच आला. नेट अडकलं असेल, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “बाई, पान चुकलं तुमचं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “चुकलं.” मग म्हणाल्या, आता तुझ्या पाचव्या डावाचं बोलू, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मला सोललं. बावन्न पानं त्यांना पाठ होती. मी ऐकत होते, अधूनमधून वाद घालत होते, आणि दोन ठिकाणी त्याही चुकल्या होत्या ते सांगत होते.

दिवाळीपर्यंत बाई आणखी तीन स्पर्धा खेळल्या. तिन्हींच्या चिठ्ठ्या मी ह्यांना काढायला लावल्या. दोनदा त्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या, तिसऱ्यांदा विहीणबाईंना बाद करून दुसऱ्या फेरीत. नंतर पत्ते दिसेनासे झाले. मोजून ठेवण्यासारखे जे रविवार त्यांच्याकडे उरले होते, त्यातले तीन मी मान देऊन खाल्ले, आणि ते परत मागायचं बटण कुठल्याच टॅबवर नाही.