रविवारी आठला बसणारा सर्व्हर आणि वाघमारे मॅडम

नव्वदच्या दशकात पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले, तेव्हा स्वारगेटजवळच्या अशाच एका संस्थेत मी शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी एक संगणक बंद पडला. मी धावत ज्येष्ठ शिक्षिकांकडे गेले आणि म्हटले, "मॅडम, ते मशीन बिघडलंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "बिघडलंय हा तुमचा निकाल झाला. तुम्ही पाहिलंत काय, ते सांगा." मी काहीच पाहिले नव्हते. परत जाऊन पाहिले, तर मागची वायर अर्धवट निघाली होती. श्रीमती शालिनी वाघमारे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. आज त्या पंचाहत्तरीत प्रवेश करीत आहेत.

मॅडमचे बालपण विश्रांतवाडीत गेले. वडील कारखान्यात कामगार. घरी सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि सुट्टीच्या दिवशी वडील शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करीत बसायचे. कुणी सांगितले म्हणून मानू नको, स्वतः पाहा, पटले तर मान, असे ते मुलीला सांगत. मुलीने ते इतके मनावर घेतले की पुढे संस्थेच्या संचालकांनाही त्याचा पुष्कळ त्रास झाला.

त्यांचे बोलणे तिखट, पण हात मायेचा. माझी आई आजारी होती तेव्हा माझ्या बॅचेस त्यांनी न सांगता स्वतःकडे घेतल्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "आभार कसले? मुलं विचारत होती, पूर्वीच्या मॅडम परत येणार का म्हणून. मी सांगितलं, दुर्दैवाने हो." त्या दिवशी संध्याकाळी त्या आईला भेटायला घरी आल्या आणि तिच्याशी तासभर गप्पा मारून गेल्या.

पण मला आज आवर्जून सांगायची आहे ती गोष्ट त्यांच्या निवृत्तीनंतरची. आम्ही काही जण मिळून बालवाडी शिक्षिकांसाठी मराठीतून एक ऑनलाइन अभ्यासक्रम चालवीत होतो. तो एका छोट्या व्हर्च्युअल सर्व्हरवर होता, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रात भाड्याने घेतलेली एक चिमुकली खोली. आठवडाभर सारे सुरळीत चाले. दर रविवारी सकाळी आठला चाचणी असे, आणि आठ वाजले की सर्व्हर बसे. मेमरी संपली की सर्वांत जास्त जागा अडवणारे काम यंत्र स्वतःच बंद पाडते, आणि ते नेमके आमचा सगळा डेटा सांभाळणारे असे. थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा सुरू होई. त्यामुळे कुणी पाहायला जाईपर्यंत सगळे आलबेल.

याचा फटका मेघाताईंना बसत होता. त्या अमरावतीकडून पुण्यात आलेल्या, मार्केट यार्डाजवळच्या एका बालवाडीत कामाला होत्या. अभ्यासक्रम पूर्ण झाला तरच नोकरी कायम होणार होती. चाचण्यांत त्या सारख्या गैरहजर दिसत. आमचे परीक्षाप्रमुख देवधर सर, निवृत्त मुख्याध्यापक, वेळेचे एकदम पक्के. आठनंतर काही मिनिटांत चाचणीचे दार बंद, आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी, हा नियम त्यांचाच. पुढच्या बैठकीत मेघाताईंचे नाव कमी होणार होते. "त्यांना गांभीर्य नाही," असे सरांचे मत होते, आणि खरे सांगायचे तर कुणाला ते चुकीचे वाटले नाही.

सर्व्हरबद्दल सगळ्यांचे एकच म्हणणे, मोठा घ्या. मॅडम म्हणाल्या, "घेऊ या की. पण आधी कळू तर दे, खातंय कोण?"

त्या रविवारी त्या घरी चहाचा कप घेऊन मेमरीचा आकडा पाहत बसल्या. शेजारी मी होते. विद्यार्थिनी आठच्या बऱ्याच आधीपासून सर्व्हरवर येत होत्या, तरी आकडा जागचा हलत नव्हता. आठ वाजले आणि तो भराभर चढू लागला. मी सर्व्हर पुन्हा सुरू करायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "थांबा हो. गंमत तर बघा." सर्व्हरकडे तेव्हा मागणी होत होती ती प्रश्नपत्रिकेची नव्हतीच. पुन्हा पुन्हा एकच पान मागितले जात होते, ते म्हणजे हजेरीचे.

कोण उशिरा येते हे पाहायला आम्ही सगळे शिक्षक ठीक आठला ते पान उघडून बसत असू. पान दर काही क्षणांनी स्वतःला ताजे करी, आणि प्रत्येक वेळी सगळ्या विद्यार्थिनींचा पहिल्या धड्यापासूनचा इतिहास गोळा करी. प्रत्येक शिक्षकासाठी वेगळा!

दुसऱ्या कुणी एवढ्यावर समाधान मानले असते. मॅडमनी आडवारी सगळ्या शिक्षकांना घरी बोलावून चाचणीची रंगीत तालीम ठेवली. काही विद्यार्थिनींना आपापल्या फोनवरून आत यायला सांगितले, स्वतः मेघाताईंच्यासारख्याच एका जुन्या, संथ फोनवरून विद्यार्थिनी म्हणून आत गेल्या आणि शिक्षकांना एकेक करून हजेरी उघडायला सांगितली. आकडा पायरीपायरीने चढत गेला. "आता देवधर सर, आपण," त्या म्हणाल्या. सरांनी पान उघडले आणि सर्व्हर बसला. तो पुन्हा उठला, नव्या फोनवाले चटकन आत शिरले, मॅडमचा फोन मात्र गोल गोल फिरत राहिला. त्यांचे पान उघडेपर्यंत दार बंद! सरांच्या हजेरीत नोंद उमटली: वाघमारे, गैरहजर.

"अहो, पण मी तर नुसता बघत होतो!" सर म्हणाले.

"हो ना सर. आपण सगळेच नुसते बघत होतो."

सरांनी हजेरीचे पान बंद केले. मग हजेरी चाचणीनंतर एकदाच घ्यायची असा ठराव त्यांनीच मांडला, आणि मेघाताईंच्या चुकलेल्या चाचण्या पुन्हा घ्यायचेही त्यांनीच सुचवले. सर्व्हर तोच राहिला, आणि पुढे कधी बसला नाही.

मॅडमनी तेथूनच मेघाताईंना फोन लावला. "मेघाताई, तुम्ही वेळेवरच येत होतात. आम्हीच तुम्हाला बाहेर ढकलत होतो. चूक आमची आहे." पलीकडून आवाज आला, "मले वाटलं मॅडम, मलेच जमत नाही. म्या कोनाले सांगतलंच नाही." त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिले, आणि माझ्याही आले.

मेघाताईंची नोकरी आज कायम आहे. मॅडम, आपल्याला ठणठणीत प्रकृती लाभो, दृष्टी अशीच तेज राहो, आणि आपली शंभरी आम्हाला आपल्याच टोमण्यांसह साजरी करता येवो. आपल्यालाच जमत नाही असे समजून गप्प बसलेल्या बायका या शहरात अजून पुष्कळ आहेत. त्यांना फोन करून "तुमचं काही चुकलेलं नाही" एवढे सांगायला तरी आपण आम्हाला हव्या आहात.