ओकायामाचं ऊन

सिंहगड रस्त्यावरच्या जपानी बागेत मी रोज सकाळी फिरायला जातो. पुणे आणि जपानमधलं ओकायामा, या दोन शहरांच्या मैत्रीतून ती झाली. ओकायामात तीनशे वर्षांची जुनी बाग आहे, तिच्यावरून ही बेतलेली. तशीच वळणं, तसंच पाणी, तशीच हिरवळ. हिरवळीवर पाय पडला की वाजणारी रखवालदाराची शिट्टी तेवढी पुण्याची.

बाग झाडणाऱ्या शांताबाई उजाडायच्या आत तळ्याकाठची पानं गोळा करत असतात. परवा मी बाकावर टेकलो आणि म्हटलं, "मावशी, आत्ता इथे आम्ही चार म्हातारे. एवढी घाई कुणासाठी?"

खराटा न थांबवता त्यांनी विचारलं, "तिकडं जपानात किती वाजले असतील?"

मी घड्याळात पाहिलं. सहा वाजले होते. "साडेनऊ. ते साडेतीन तास पुढे आहेत."

"म्हंजे तिकडच्या बाईचं झाडून झालं. तिची लख्ख बाग बघून ऊन इकडं येतंय. त्याला इथं कचरा दिसला तर काय म्हणंल?"

करार, पाहुणे, हारतुरे. जुळ्या शहरांचं नातं मला आजवर कागदावरचंच वाटायचं. शांताबाईंनी ते जावाजावांचं करून टाकलं होतं. थोरलीचं आवरलं की धाकटीनं बसून राहायचं नाही.

पुलाच्या कठड्यावर ऊन आलं. माझ्या पायाशी एक पिवळं पान पडलं होतं. टोपली लांब होती. मी पटकन वाकलो आणि ते खिशात घातलं.