वाळवंटातले हाल

लिफ्टवाल्यांचा अर्धा जन्म अंधारात गेला. उंच इमारतींमधली लिफ्ट बिघडली की हा माणूस डोक्याला दिवा बांधून लिफ्टच्या विहिरीत खाली उतरायचा, कुठे काय करकरतंय ते कान देऊन ऐकायचा आणि ग्रीसने माखून वर यायचा. अशा माणसाला पक्ष्यांचं वेड लागावं यात नवल ते काय? दिवसभर चौकोनी काळोख पाहिल्यावर डोळ्यांना आभाळ हवंच. मध्येच अडकलेल्या लोकांना धीर देण्यात तर त्यांचा हातखंडा. आतला माणूस घामाघूम होऊन ओरडतोय आणि हे बाहेरून गोड आवाजात म्हणताहेत, "झालंच, पाच मिनिटं!" त्या पाच मिनिटांचा पुष्कळदा तास व्हायचा. पण आपण खोटं बोललो असं त्यांना कधी वाटलं नाही. धंद्याची रीतच ती.

हीच रीत त्यांनी घरात आणली आणि तिथे घोटाळा झाला.

दर हिवाळ्यात आठवडाभर ते वाळवंटात पक्षी बघायला जायचे. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना भरवणं, कूस बदलून देणं, रात्री-अपरात्री हाक आली की उठणं, सगळं बायकोच्या गळ्यात. पहिल्या वर्षी वाळवंटात खरोखरच हाल झाले. फाटका तंबू, पातळ पांघरूण, सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. घरी आले ते खोकतच. बायकोचा जीव तुटला. पुढच्या वर्षी त्याच जागी छानसं विश्रामगृह उभं राहिलं. जाड गाद्या, गरम पाणी, हाताला चव असलेला आचारी. पण हे लिफ्टवाल्यांनी घरी सांगितलं असतं तर ना! उलट परतायची वेळ आली की हे दाढी करणं बंद करायचे, आणि दारात पाऊल टाकताच सुस्कारा सोडायचे, "काय सांगू, हाडं गोठली." लबाड माणूस! बायको बिचारी त्यांच्या पायांना तेल चोळायची, आणि हे डोळे मिटून चोळून घ्यायचे. तेवढ्यापुरतं मन खायचं, नाही असं नाही. पण खाऊन खाऊन ते तरी किती खाणार?

वडील गेले. थंडी पडायला लागली तशी बायको म्हणाली, "या वर्षी मीही येते. झाले हाल तर झाले. दोघं मिळून सोसू."

खरं सांगून टाकायला ती वेळ उत्तम होती. त्याऐवजी या गृहस्थांनी गुपचूप विश्रामगृहात फोन केला आणि तंबू मिळेल का म्हणून विचारलं. "तंबू कशाला काका? थंडी वाजेल की!" आचारी हसत म्हणाला. इकडे बायकोने दोन रजया, बाम, मेणबत्त्या आणि सुतळीचा गुंडा बांधून घेतला. प्रवासभर ते गाठोडं तिच्या मांडीवर होतं आणि त्याकडे बघायची लिफ्टवाल्यांची छाती झाली नाही.

विश्रामगृहाच्या दारातच आचाऱ्याने बिंग फोडलं. "या काका! तुमची नेहमीची खोली तयार आहे, उन्हाची. या वेळी काकूंना आणलंत, बरं केलंत!"

बायकोने खोली पाहिली. गादी हाताने दाबून पाहिली. नळ सोडला, वाफाळतं पाणी आलं, तो बंद केला. जेवली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी मंडळी पाणवठ्यावर गेली. वाळूच्या रंगाचे भट तित्तर थव्यांनी पाण्यावर उतरले, शेजारचे लोक आनंदाने एकमेकांना कोपराने ढोसत होते. लिफ्टवाल्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, पण त्यांना धड काही दिसेना. लाज वाटत होती, नुसती लाज.

ते परत आले तेव्हा बायको ओसरीवर उन्हात बसली होती.

"झोप झाली?" त्यांनी चाचरत विचारलं.

"खूप वर्षांनी झाली. इथे कोणी हाक मारत नाही."

ते खाली पायरीवर बसले. "चुकलो गं."

"मला एवढंच सांगा, खरं बोलला असतात तर मी तुम्हाला येऊ दिलं नसतं का?"

"दिलं असतंस."

"मग?"

लिफ्टवाल्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून पायरीवर ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते सरळ सांगितलं. "मी मजेत होतो म्हटलं असतं, तर तुझं कसं गेलं हे विचारावं लागलं असतं. हाल सांगितले की ते विचारायची वेळच यायची नाही."

ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. ती शांतच होती.

"अहो, मामंजी रात्री हाका मारायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा उठताना मी मनात म्हणायची, तिकडे ह्यांनाही थंडीत झोप नसेल. आपण दोघंही जागेच आहोत. तेवढीच सोबत वाटायची. त्यावरच तो आठवडा निघायचा." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हणजे मी एकटीच जागी होते."

लिफ्टवाल्यांचे डोळे भरून आले. यापुढे असं कधी होणार नाही, आता तुला कशाचीही ददात पडू देणार नाही, असं बरंच काही त्यांच्या ओठांवर आलं. ते तोंड उघडणार तेवढ्यात तिने हात वर केला.

"आता काही बोलू नका," ती म्हणाली. "तुम्ही बोललात की मला ते खरं वाटतं."