मी नाही पुसत

गोंदियाच्या बाजारात सुक्या झिंग्यांचा वास आला की मला सौंदडची आमची मुलींची शाळा आठवते. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी आठ वर्षांची होते. कुसुमबाईंनी आम्हाला असेच झिंगे हुंगायला दिले. "हा समुद्राचा वास," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर सामुद्रधुनी काढू लागल्या. दोन जमिनींमधलं चिंचोळं पाणी, त्यातून ये-जा करणारी जहाजं, त्यांच्यासोबत उड्या मारणारे डॉल्फिन आणि श्वास घ्यायला वर आलेलं कासव.

तेवढ्यात गावचे जमीनदार, म्हणजे मालगुजार, दारात आले. "पोरीयले समुद्र कायले शिकवून राहिल्या, बाई? यायले धान रोवाचा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुस तो फळा."

मी फडकं घेतलं, पण हात उठेना. "मी नाही पुसत," मी म्हणाले. "कासव आताच वर आला आहे. त्याले दम तं घेऊ द्या."

शाळेची खोली मालगुजारांची होती आणि बाईंची नोकरी त्यांच्या शब्दावर होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. बाईंना ते तेव्हाही ठाऊक होतं. तरी त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, खडू उचलला आणि मालगुजारांच्या देखत पाण्यात आणखी एक जहाज काढलं.