मावशीची अंघोळ

फखरियाच्या घरी गेलं की हल्ली चपला काढाव्यात की नाही असा प्रश्न पडतो. अंगणात संत्र्याच्या साली, गालिच्यावर समून पावाचा चुरा, चहाच्या पेल्यांना आदल्या दिवसाचा तांबडा डाग. पाहुणा येणार असं कळलं तर ती झाडू मुद्दाम कोपऱ्यात उभा करते आणि त्याच्याकडे पाठ करून बसते. वस्तीत नव्याने नांदायला आलेल्या सुना तिला गलिच्छ म्हणतात. त्यांना काय माहीत? बगदादजवळच्या बाकूबाच्या बाहेर, आमच्या या संत्र्यांच्या बागांत, एकेकाळी कुणाचं घर लखलखीत दिसलं की लोक विचारायचे, "काय, आज उम्म सिनान येऊन गेली वाटतं?"

उम्म सिनान म्हणजे फखरियाच. थोरल्या मुलाच्या नावाने सगळे तिला तसंच हाक मारतात.

बागांच्या पलीकडे सरकारी कारखाना होता, कोंबड्यांच्या लशीचा. उबवणीची अंडी आणायची, त्यांत मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाचं बी टोचायचं, अंडी उबेला ठेवायची, मग आतलं पाणी काढून ते गोठवून सुकवायचं आणि चिमूट चिमूट पावडर बाटल्यांत भरून गावोगाव पाठवायची. फखरिया लग्नाआधीच तिथे लागली आणि सुकवणीच्या खोलीची मुकादम झाली. त्या खोलीत यंत्र एकच. पोट मोठं, दार जड, सुरू करताना कण्हायचं आणि मनात आलं की रुसून बसायचं. कामावरच्या बायका त्याला मावशी म्हणायच्या. मावशीचं आज डोकं फिरलंय, मावशीला जरा दम खाऊ दे, अशी त्यांची दिवसभर बोलणी चालायची.

नाकेबंदीच्या वर्षांत या मावशीवर आमची पोरं जगली, हे मी उगाच फुगवून सांगत नाही. रेशनवर पीठ, तांदूळ, साखर, चहा मिळायचा. अंडं मिळत नसे, मटण तर स्वप्नात. परसात चार कोंबड्या असतील तर पोराच्या ताटात काहीतरी पडायचं. आणि कोंबड्या लशीवर टिकायच्या. मानमोडी आली की सकाळी मान वाकडी, संध्याकाळी खुराडं रिकामं. मावशी चालली तर लस, नाहीतर काही नाही.

म्हणून फखरियाने तिला जिवापाड जपलं. दाराची रबरी कड झिजली तेव्हा डॉक्टर गस्सान, म्हणजे आमचे संचालक, यांनी नवी मागवली. बाहेरून उत्तर आलं की देता येणार नाही, या वस्तूचा दुसराही उपयोग होऊ शकतो. मग फखरियाच्या नवऱ्याने, जब्बारने, आपल्या ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून पट्टी कापली आणि दोघांनी ती खाचेत ठोकून बसवली. जब्बार म्हणाला, "बघ, आता ही पण दर पावसात पंक्चर होणार." ती पट्टी मावशीला शेवटपर्यंत पुरली. दिवसा वीज कधी येईल कधी जाईल याचा भरवसा नव्हता आणि सुकवण मध्येच थांबली की सगळा घाणा फुकट. म्हणून मावशी रात्री चालायची. यात लपवाछपवी नव्हती. वीजच रात्री असायची.

कारखान्याच्या कोठारावर नझहत नावाचा माणूस होता, मुलाच्या नावाने अबू वलीद. बोलायला गोड, नजर अंड्यांवर. उबवणीची अंडी तेव्हा बाजारात सोन्याच्या भावाने जायची. एकदा फाटकाशी फखरियाने त्याला हटकलं.

"अबू वलीद, उन्हाळ्यात कोट?"

"थंडी वाजते गं बाई."

"काढ मग. मी तुला चहा देते, ऊब येईल."

कोटाच्या अस्तरात अंडी निघाली. तिने बोभाटा केला नसता तर चाललं असतं, पण ती करणारच, तिचा स्वभावच तो. नझहतला नोकरीवरून काढलं. त्याआधी सुरक्षावाल्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं, आणि तिथून तो लंगडत बाहेर आला. मारणाऱ्यांचं त्याला काही वाकडं करता येणार नव्हतं, म्हणून राग त्याने फखरियावर धरला. काही दिवसांनी तो अम्मानला पळाला आणि पुढे कुठल्याशा थंड देशात पोचला असं ऐकू आलं.

तिथे त्याला कुणीतरी विचारलं असणार, तुझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? रिकाम्या हाताच्या माणसाला त्या देशांत कोण ठेवून घेतो? तेव्हा त्याने सांगितलं की बाकूबाच्या कारखान्यात एक यंत्र रात्रीचं चालतं, आणि त्यातून निघतं ते कोंबड्यांसाठी नसतं, माणसं मारायला असतं. अर्धं खरं होतं, म्हणूनच ते चाललं. बाहेरच्या रेडिओवर आमच्या बागांचं नाव आलं तेव्हा जब्बार हसला. फखरियाला हसू आलं नाही.

मग एका दुपारी डॉक्टर गस्सान सुकवणीच्या खोलीत आले. चेहरा पांढरा पडलेला.

"उम्म सिनान, उद्या तपासणीवाले येतायत. परदेशी. फोन आला होता."

"किती जण?"

"मोटारभर असतील. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही."

"घाबरतंय कोण?" ती म्हणाली. "पण खोली बघा जरा. परक्यांना अशा खोलीत उभं करायचं?"

आता आमच्याकडे कुठल्याही घरी विचारा. उद्या पाहुणे येणार म्हटल्यावर आज बाई काय करेल? गालिचे बाहेर काढेल, फरशीवर बादल्या ओतेल, उंबरठा घासेल. पाहुणा शत्रू असला तरी घासेल, उलट जास्तच घासेल, त्याला बोलायला जागा नको म्हणून. फखरियाने पदर खोचल्यागत अबाया कमरेला गुंडाळला आणि सगळ्या बायकांना कामाला लावलं. खोली छतापासून धुतली. मावशीचं दार उघडून आतल्या फळ्या काढल्या, ब्लीचच्या पाण्यात बुडवल्या, पोट आतून घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. तिला चकाकी आणायला कुणीतरी घरून लिंबं आणली. बायका गात होत्या. एकजण म्हणाली, "मावशीला आज अंघोळ घातली, आता नवरा शोधा." डॉक्टर गस्सान दारात आले, बघून खूश झाले. "शाबास," म्हणाले. हे मी लक्षात ठेवलंय, कारण पुढे ते स्वतः विसरले.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले. चहाचे ट्रे तयार होते, बसऱ्याच्या सुक्या लिंबाचा चहाही होता. कुणी पेल्याला हात लावला नाही. त्यांची ती पद्धत असेल, पण फखरियाला ते लागलं. त्यांच्यातली एक उंच बाई सुकवणीच्या खोलीत शिरली आणि दारातच थांबली. तिने नाकाने वास घेतला. मग हातमोजे चढवून तिने मावशीच्या पोटात, फळ्यांवर, कोपऱ्यांत कापसाचे बोळे फिरवले आणि नळ्यांत बंद केले. दुभाष्यामार्फत विचारलं, "हे यंत्र कधी धुतलं?"

"काल," फखरिया अभिमानाने म्हणाली.

"रोज ब्लीचने धुता?"

"नाही. रोज नुसत्या औषधाच्या फडक्याने पुसतो. रोज एवढं कोण धुतं?"

"मग काल का?"

"तुम्ही येणार होता म्हणून."

दुभाष्याने ते सांगितलं. ती बाई बराच वेळ फखरियाकडे बघत राहिली, आणि ते बघणं फखरियाला पुढे आयुष्यभर पुरलं.

त्या लोकांत एक म्हातारा होता, टकला, त्याने स्वतः कधी कोंबड्या पाळल्या असाव्यात. तो अंगणात त्या बाईशी भांडला. भाषा कळत नव्हती, पण हातवारे कळत होते. तो कारखान्यातल्या कोंबड्यांच्या खुराड्याकडे बोट दाखवत होता, ती नळ्यांकडे. नंतर दुभाष्याने डॉक्टरांना सांगितलं ते असं. म्हातारा म्हणतो हा लशीचाच कारखाना आहे. बाई म्हणते, बाटल्यांत लस आहे हे मान्य, पण यंत्रात काय होतं? इतकी वर्षं लस सुकवली तर लशीचा कण तरी मिळाला पाहिजे. इथे काहीच नाही. विषही नाही आणि लसही नाही. एवढं स्वच्छ कोण ठेवतं?

आमच्या सरकारने दुसरीकडे इतकं खोटं बोलून ठेवलं होतं की आमच्याकडे खरं सांगायला तोंडच उरलं नव्हतं. त्या बाईला मी दोष देत नाही. तिला आधी बऱ्याच जणांनी फसवलं होतं. पण एक साक्षीदार फखरियाच्या बाजूचा होता, मावशीच्या पोटातला तो मळ, आणि तो तिने स्वतःच्या हाताने धुऊन मोरीत सोडला होता. हे तिला त्याच दुपारी कळलं. ती उंच बाईच्या मागे मोटारीपर्यंत धावली.

"आजची रात्र चालवून बघा. तुमच्या समोर सुकवते. उद्या पाहिजे तेवढे बोळे फिरवा."

दुभाष्या म्हणाला, "उद्या मिळेल ते उद्याचं असेल, खाला. त्यांना कालचं पाहिजे."

निर्णय यायला बरेच दिवस लागले. आला तो असा की शंका दूर होत नसल्यामुळे यंत्र निकामी करावं. मंत्रालयाने आधी आरडाओरडा केला, मग सही केली. डॉक्टर गस्सान यांना जाब विचारला गेला तेव्हा ते म्हणाले, धुवायला मी सांगितलं नव्हतं, त्या मुकादमणीने परस्पर केलं. खरंच होतं ते. सांगितलं नव्हतंच.

काँक्रीट ओतायला आले त्या दिवशी बायकांना बाहेर काढलं, पण फखरिया हलली नाही. नळ्या कापल्या. दार बाहेर ढकलून मावशीच्या तोंडात नरसाळं घातलं आणि पोट भरेपर्यंत ओतलं. दारही अर्धवट काँक्रीटमध्येच रुतून बसलं. फखरिया रडली नाही. तिने फक्त विचारलं, "सुकायला किती वेळ लागेल?"

पुढच्या हिवाळ्यात मानमोडी आली. आधी नदीकाठच्या गावांत, मग आमच्याकडे. फखरियाच्या नणंदेच्या कोंबड्या एका आठवड्यात संपल्या. ती दारात येऊन म्हणाली, "वहिनी, तुझ्या फडक्याने मावशी मारली, आणि मावशीबरोबर माझं खुराडं. आता पोरांना काय तुझी फरशी वाढू?" जब्बार उठून तिच्या अंगावर गेला. फखरियाने त्याला धरून बसवलं. "बोलू दे तिला," म्हणाली, "खोटं काय बोलतेय?" त्या दिवसापासून तिने पाहुण्यांसाठी झाडू उचललेला नाही.

मग युद्ध आलं. नझहतने सांगितलेलं तेव्हाही कुठल्यातरी भाषणात वापरलं म्हणतात, मावशी काँक्रीट खाऊन पडली होती तरी. सरकार पडलं आणि लुटारूंनी कारखान्यातून उबवणीच्या पेट्या, खिडक्या, तारा, नळ, सगळं नेलं. मावशी तेवढी राहिली. उचलेना कुणाला.

त्यानंतर दुसरे लोक आले, गणवेशातले परदेशी सैनिक. त्यांनी फखरियाला कारखान्यात नेऊन उभं केलं आणि मावशी फोडली. आत काहीतरी दडवून वर काँक्रीट ओतलं असेल असं त्यांना वाटत होतं. काँक्रीट त्यांच्याच बाजूच्या तपासणीवाल्यांनी ओतायला लावलेलं, तेही त्यांना पटेना. घण चालवले, फोडायचं यंत्र लावलं, ढेकळं निघाली. दाराच्या खाचेतून जब्बारच्या ट्यूबची पट्टी निघाली. अंघोळीच्या दिवशी तिला हात लागला नव्हता, कारण काढली असती तर पुन्हा बसली नसती. पट्टीखाली पिवळट काळा मळ होता. तो त्यांनी खरवडून नेला.

बऱ्याच दिवसांनी त्यांच्यातला एक साहेब तिच्या घरी आला. बरोबर बगदादचा दुभाष्या, शिकलेला, नम्र माणूस. दोघं अंगणातल्या साली ओलांडत आत आले आणि तिने झटकलीसुद्धा नव्हती अशा गादीवर बसले. फखरियाने चहा आणून ठेवला.

साहेब बोलला, दुभाष्याने सांगितलं. "खाचेतल्या मळाचा तपास झाला. कोंबड्यांची लस निघाली. दुसरं काहीच नाही. ज्या माणसाने बातमी दिली होती तो भरवशाचा नव्हता, असं आता त्यांच्या लक्षात आलंय."

"त्याच्या कोटात अंडी सापडली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं," फखरिया म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही. आता मावशी कधी देताय?"

दुभाष्याने विचारलं. साहेबाने मान हलवली, काहीतरी लांबलचक बोलला. दुभाष्याने ते सांगितलंच नाही. तो चुळबुळत इकडेतिकडे बघत होता, गालिच्याकडे, पेल्यांच्या डागांकडे. शेवटी न राहवून हळूच म्हणाला, "उम्म सिनान, परका माणूस येणार हे सकाळीच कळवलं होतं ना? आपली लाज म्हणून जरा झाडून तरी घ्यायचं."

फखरिया कितीतरी दिवसांनी हसली असेल, पण ते हसणं बघवत नव्हतं.

"त्याला सांग," ती म्हणाली, "या वेळी मी काहीच धुतलेलं नाही. फरशी नाही, गादी नाही, हा पेलासुद्धा नाही. त्याने बोळे आणले असतील तर हवे तिथे फिरवावेत."

दुभाष्याने सांगितलं की नाही कोण जाणे. साहेबाने पेला उचलला, आत बघितलं, आणि तसाच खाली ठेवला.