एकच पेला

मी पत्रकांवर वाढले. वडील झाशीच्या लोको शेडमध्ये फिटर. आमच्या क्वार्टरमध्ये गोष्टींची पुस्तकं नव्हती, धर्मप्रसाराची पत्रकं होती, आणि ती वाचायला मला आमच्या चर्चच्या पाळकांनी शिकवलं. माझ्या आवडत्या पत्रकात लिहिलं होतं की प्रभूच्या मेजावर सगळ्यांना पेला एकच. तेच मी रविवारी फलाटावर वाटायचे. फलाट झाडणाऱ्या बाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, पुन्हापुन्हा वाचून घेतलं, आणि शेवटी बाप्तिस्मा घेतला.

पहिल्या प्रभुभोजनाला त्या बाई वेदीपुढच्या कठड्याशी माझ्या शेजारी गुडघे टेकून बसल्या. चांदीचा पेला ओठाओठांतून फिरला. तळाशी उरलेला द्राक्षरस पाळकांनी स्वतः प्यायचा, थेंबही टाकायचा नाही, अशी आमची रीत. त्या दिवशी पाळक पेल्याकडे बघत राहिले. मग प्यायले.

पुढच्या वेळी तबकात काचेचे छोटे पेले आले, ज्याचा त्याला.

मी विचारलं, तर पाळक म्हणाले, "साफ़-सफ़ाई की बात है, बेटी."

कॉलनीत टायफॉइड पसरला होता तेव्हा हीच सफाई कुणाला सुचली नव्हती. ज्यांनी मला ते पत्रक शिकवलं, त्यांनीच ते खोटं पाडलं. घरी येऊन मी चिडले, तर आई पोळी लाटता लाटता हळूच म्हणाली, "तू गप्प बस. आपण कुठून आलो ते लोक विसरलेत, तेच बरं आहे."

ते मला पाळकांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी चर्च सोडलं, जेवणाआधीची प्रार्थनाही सोडली. रविवारी गाडी पकडून बरुआसागरच्या तळ्यावर जाऊन बसायचे. देवावर रागवायलाही देव लागतो, म्हणून तेही करत नव्हते.

एकदा परतताना स्टेशनवर त्या बाईंनी झाडू आडवा धरून मला थांबवलं. पोरीला त्या बिन्नू म्हणत.

"बुलाया तुमने, बिन्नू, और भागीं भी तुम."

मी त्यांना पेल्यांचं खरं कारण सांगितलं. त्यांना ते कधीच कळलं होतं. "पर मैं पादरी के पास थोड़े आई थी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झाडू लागल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला मी गेले, त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. तबक आलं. त्यांनी आपला पेला उचलला. मी हात पुढे केला नाही. पाळक थांबून राहिले. बाईंनी अर्धा घोट घेतला आणि पेला माझ्याकडे दिला.

पाळकांना मी अजून क्षमा केलेली नाही. पण पेला मी रिकामा केला.